चुलीची पत्री

आमच्या पोलादपूरकडच्या घरांत पूर्वी दोन ठिकाणी जाळ असे. आत मातीची चूल आणि मागच्या पडवीत तांब्याचा बंब. चुलीचा धूर घरभर हिंडे. बंब मात्र शहाणा. त्याला मधोमध उभी नळी, खाली जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. आई पहाटे बंब पेटवी, तेव्हा वरची झाकणी पूर्ण बाजूला असे. पाणी तापत आले की ती झाकणी अर्धी सरकवी, खालच्या तोंडाशी कौलाचा तुकडा लावी आणि जाळ मुकाट्याने मंदावे. हे तिला कोणी शिकवले नव्हते. लग्नाकार्याच्या डेगेला दम देतानाही तेच. चुलाणाचे तोंड विटेने बुजवायचे, झाकणावर निखारे ठेवायचे. आगीला वारा किती द्यायचा, हे तिच्या हातांना ठाऊक होते.

ते ठाऊक असूनही तिची एक चूल बिघडली, त्याची ही हकीकत.

बिनधुराच्या चुलीचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम 1930 च्या दशकात सुरू झाले आणि तिथली मगन चूल पुढे नावारूपाला आली. हैदराबादच्या इंजिनिअरिंग प्रयोगशाळेतले डॉ. एस. पी. राजू यांनी धूर नसलेल्या स्वयंपाकघरावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली, ती 1953 ची. त्याच्याही दीडशे वर्षे आधी युरोपात काउंट रम्फर्ड यांनी धुराड्याचा गळा अरुंद करून धुरकट शेकोट्या सुधारल्या होत्या. म्हणजे दुखणे एकट्या कोकणाचे नव्हे. सरकारने 1983 मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. 2002 मध्ये तो आवरता घेतला, तोवर देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या होत्या. त्यांतली एक आमच्या घरी आली.

दोन भांड्यांची चूल, मागे सिमेंटचा पाइप कौलांतून वर काढलेला आणि पाइपाच्या बुडाशी सरकवायची लोखंडी पत्री. बसवणारा माणूस घाईत होता. एक छापील पत्रक हातात देऊन गेला. मी तेव्हा बी. ए. ला होतो. पत्रकाची मागची बाजू कोरी होती म्हणून तिच्यावर मी एक कविता लिहिली. पुढची बाजू वाचली नाही. कविता काही फार बरी नव्हती.

महिनाभर चूल ठीक चालली. मग मिरगाचा पाऊस लागला. आंबेनळी घाटाच्या पायथ्याचा पाऊस तो. आगोटीत रचून ठेवलेला लाकूडफाटाही ओलावतो. पाइपातून पाण्याची धार चुलीत येऊ लागली, म्हणून शेजारच्याने पाइप कापून आखूड केला आणि वर टिनाचा डबा उपडा घातला. धूर तोंडाकडून आत येऊ लागला. चुलीत लाकडे भराभर जळतात म्हणून आईने पत्री आधीच बरीचशी आत सरकवली होती. काजळी आणि गंज धरून ती तिथेच चिकटली. शेवटी चुलत्यांनी ती उपसून काढली. पुढे दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ती कामाला आली.

आज मागे वळून पाहिले तर एकेक चूक स्वच्छ दिसते. धूर ओढला जातो तो पाइपातल्या गरम, हलक्या हवेमुळे. पाइप जितका उंच, तितकी ओढ जास्त. तो आढ्याच्या वर निघालाच पाहिजे, नाहीतर वारा धूर खाली ढकलतो. पाइपावर टोपी हवी, पण तिच्याखाली मोकळी जागा सोडून. पेटवताना पाइप थंड असतो, म्हणून पत्री पूर्ण उघडी हवी. जाळ धरला की थोडी थोडी आत. फार उघडी ठेवली तर ऊब कौलांवर जाते, फार बंद केली तर धूर डोळ्यांत. मागच्या वैलावर भांडे नसेल तर हवा तिथूनच घुसते आणि ओढ मरते. जाळीखाली राख साचली तरी तेच, पाइपात काजळी जमली तरी तेच. आणि ओले लाकूड असेल तर पत्री काय करणार? जाळाची बरीच ऊब त्यातले पाणी वाळवण्यात जाते. चुलीच्या उबेत दुसऱ्या दिवसाची लाकडे सुकत ठेवावीत, हा त्यावरचा साधा उपाय.

यातले काहीही आईला अवघड गेले नसते. ‘ही पत्री म्हणजे तुमच्या बंबाची झाकणी,’ एवढे एक वाक्य तिला कोणी सांगितले नाही. चूल तिचीच, पण बसवताना बोलणे झाले ते वडिलांशी. पुढल्या हिवाळ्यात तिने ती फोडली आणि जुन्यासारखी मातीची तीन बाजूंची चूल घातली. खोकला तिला आयुष्यभर सोबत राहिला. महाडच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो विडी ओढता का असा. तिने मान हलवली आणि हसली.

2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर आमच्याकडे सिलिंडर घरोघर आले, तरी आंघोळीचे पाणी अजून अनेक घरांत लाकडावरच तापते. 22 जुलै 2021 ला सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले, तळियेवर डोंगर आला. त्या दिवसांत मी वरच्या अंगाच्या एका गावात भाचीकडे होतो. सिलिंडर संपलेला, रस्ता बंद. तिने सासूची जुनी, पाइपाची चूल उघडली. पेटवताच खोली धुराने भरली. मी पत्री हलवून पाहिली, हलेना. खोबरेल तेल सोडून, बत्त्याने हळूहळू ठोकत ती पूर्ण बाहेर ओढली, जाळीखालची राख उपसली, वैलावर पाण्याचा टोप ठेवला, पाइपाच्या बुडाशी कागदाचा बोळा पेटवून आधी पाइप तापवला. धूर वर जाऊ लागला.

“मामू, हे तुम्हाला कुणी शिकवलं?” भाचीने विचारले.

मी तिला बंबाबद्दल सांगितले. पत्रकाबद्दल सांगितले नाही.