शून्य सावली दिवस : कॉलेजच्या पोरांनी शाळेच्या मुलांसाठी काय करायचं?

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. सरळ उभ्या खांबाची सावली तेव्हा त्याच्या बुडाखालीच लपते. हाच शून्य सावली दिवस. सामान जवळपास फुकटचं, त्यामुळे बीएस्सी-इंजिनिअरिंगची मुलं आणि एनएसएसचे स्वयंसेवक यांना पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी हाती घ्यायला हा उपक्रम सोयीचा. ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या लोकसंपर्क समितीने तो देशभर पोहोचवला आहे.

तारीख ठरते ती गावाच्या अक्षांशावरून. पणजी आणि बेळगावात २ ते ४ मे आणि पुन्हा ८ ते १० ऑगस्टच्या सुमारास. हैदराबादला ९ मे आणि ऑगस्टचे पहिले दिवस. वडोदऱ्यात ३ जून आणि १० जुलै, इंदूरला ७ जून आणि ६ जुलै यांच्या आसपास. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे सावली कधीच पूर्ण जात नाही. २१ जूनलाही एक मीटर काठीची सुमारे ५ सेंटिमीटर सावली उरतेच.

खरी अडचण इथेच आहे. बेळगाव, खानापूर, गोवा इकडे मेच्या सुरुवातीला शाळांना सुट्टी, आणि ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं. शाळेच्या भरवशावर राहिलं तर इथल्या मुलांना हा दिवस दिसणारच नाही. म्हणून स्वयंसेवकांनी शाळेची वाट न बघता गल्लीत, देवळाच्या पटांगणात किंवा समाजमंदिराच्या गच्चीवर मुलं जमवावीत. सुट्टीतली पोरं तशीही उन्हात हुंदडतच असतात! मेमध्ये सूर्य रोज साधारण पाव अंशाहून थोडा जास्त सरकतो, म्हणजे एक दिवस चुकला तरी मीटरभर काठीला जेमतेम अर्धा सेंटिमीटर सावली. इंदूर-वडोदऱ्यात जूनमध्ये तो आणखी हळू सरकतो, तिथे आठवडाभर हाताशी असतो.

काठी ओळंब्याने सरळ करून घ्या, गवंड्याकडे मिळतो. एवढं नीट झालं नाही तर बाकी सगळं फुकट. पाइपचा तुकडा, स्टीलचा पेला, पाण्याची बाटली, काहीही चालतं. घड्याळात १२ वाजले की सूर्य डोक्यावर, ही समजूत मात्र पहिल्यांदा काढा. बेळगावात मेच्या सुरुवातीला ती वेळ १२ वाजून २९ मिनिटांच्या आसपास येते, कारण आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत. अर्धा तास आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण मुलांनीच करायची. सूर्याकडे कुणीही थेट बघायचं नाही, हे दोनदा सांगा.

आणि भाषण नको. प्रमुख पाहुणे, शाल, श्रीफळ यात वेळ निघून जातो आणि सावली कुणासाठी थांबत नाही. बेळगावात एकाच गल्लीत मराठी आणि कन्नड माध्यमाची मुलं असतात. सावलीला कन्नडमध्ये नेरळु म्हणतात, तेवढा शब्द येत असला की काम भागतं. गुजरातीत पडछायो, हिंदीत परछाईं, तेलुगूत नीड.

शाळा सुरू असताना काय? २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास दुपारच्या सावलीचा कोन म्हणजेच गावाचा अक्षांश. त्या दिवशी एक मीटर काठीची सावली बेळगावात साधारण २८ सेंटिमीटर, ग्वाल्हेरात ४९. दोन्हीकडच्या मुलांनी आपापल्या मध्यान्हाला मोजून फोनवर आकडे कळवायचे. कोनांतला फरक सुमारे १०.३५ अंश, दोन्ही शहरांमधलं सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे ११५० किलोमीटर. रस्त्याचं अंतर धरायचं नाही, मुलं हमखास तेच धरतात. ११५० ला ३६० ने गुणून १०.३५ ने भागलं की पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर येतो. इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने सुमारे २२०० वर्षांपूर्वी याच रीतीने तो काढला होता. मुलांच्या मापात एका सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तर दोन हजार किलोमीटरने इकडेतिकडे होईल. होऊ द्या, चूक कुठे झाली ते शोधायला त्यांनाच लावा.