मिरजेचे मास्तर

इतिहासकार म्हटला की विद्यापीठ, मोठी ग्रंथालये आणि लांबलचक पदव्या आमच्या डोळ्यांपुढे येतात. महाराष्ट्राचा इतिहास मात्र पुष्कळसा शाळामास्तरांनी आणि पदरमोड करून गावोगाव हिंडणाऱ्यांनी गोळा केला आहे. अशाच एका मास्तरांची ओळख नाचणगावच्या श्रोत्यांस करून द्यावी, असे आम्हांस वाटते. मिरज येथून दूर खरी. पण त्यांचा धडा आमच्या गावाच्या उपयोगाचा आहे.

वासुदेव वामन ऊर्फ वासुदेवशास्त्री खरे यांचा जन्म १८५८ साली गुहागरास झाला. साताऱ्यास संस्कृताचे अध्ययन करून त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात काही काळ शिकविले आणि मग मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक म्हणून ते स्थायिक झाले. इतिहास हा काही त्यांचा नेमून दिलेला विषय नव्हता. पण मिरज हे पटवर्धन सरदारांचे ठाणे. हैदर आणि टिपू यांच्याशी झालेल्या मोहिमांत या घराण्याने तलवार गाजविली होती, आणि छावणीतून घरी आलेली पत्रे दप्तरांत पडून होती. मोडी लिपीतले ते रुमाल शास्त्रीबोवांनी सोडले.

१८९२ साली त्यांचे नाना फडनविसांचे चरित्र निघाले. १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध होऊ लागला आणि १९२४ साली ते वारले तोपर्यंत त्याचे बारा खंड झाले होते. शाळा सांभाळून हे काम करावयाचे म्हणजे काय, हे दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्यास निराळे सांगावयास नको.

या खंडांची रचना पाहावी. शास्त्रीबोवा नुसती पत्रे छापून मोकळे होत नाहीत. मोहीम कोणती, माणसे कोण, पेच काय, हे आधी सरळ मराठीत सांगतात आणि मग मूळ पत्रे पुढे ठेवतात. चांगला शिक्षक श्लोक लावण्यापूर्वी प्रसंग समजावून देतो, तीच ही रीत. विद्यार्थ्याला समजले पाहिजे आणि त्याने स्वतः पडताळूनही पाहिले पाहिजे, ही तळमळ त्यांनी वर्गाबाहेर नेली. त्यांचे शिकविण्याचे प्रेम आम्हांस येथे दिसते.

आम्ही कामगारांत वाढलेली माणसे. ही पत्रे वाचताना आमची नजर लढाईपेक्षा कर्जावर आणि फौजेच्या थकलेल्या रोजमुऱ्यावर जाते. शिपायाचे पोट अडले की सरदाराची मसलतही अडते, हे कागदच बोलतात. पण तेथे शिपाई स्वतः बोलत नाही. त्याच्याविषयी दुसरा कोणी लिहितो. सरदारांची दप्तरे वाड्यांत राहिली, शिपायाला दप्तरच नव्हते.

शास्त्रीबोवा मिरजेस शिकवीत होते त्याच काळात, १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांची सभा भरवून त्यांच्या मागण्यांचा अर्ज तयार केला. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. अर्ज लेखी होता, म्हणून आज त्या मागण्या आम्हांस सांगता येतात. तोंडी गाऱ्हाणे मांडणाऱ्यासोबतच जाते.

नाचणगावच्या कितीतरी घरांचा संसार शेतीवर आणि शेजारच्या पुलगावातील कापडगिरणीवर चालला. त्या कष्टांचा इतिहास कोणत्या वाड्यात आहे? तो आहे ट्रंकेच्या तळाशी: हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, सभासदाची पावती, सावकाराचा रोखा. दिवाळीच्या साफसफाईत हे कागद चुलीत जातात. आमच्या चळवळीतल्या जुन्या सभांची इतिवृत्तेही अशीच रद्दीत गेलेली आम्ही पाहिली आहेत. त्या कागदांवर ज्यांची नावे होती, त्यांतले पुष्कळ जण आता बोलावयास उरलेले नाहीत.

म्हणून आमची गावच्या शिक्षकांस विनंती आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला घरातला एक जुना कागद शोधावयास सांगा. तो वर्गात वाचा, त्याची नक्कल वहीत उतरवा, साल आणि नाव नोंदवा, आणि मूळ कागद जपून घरी परत पाठवा. यास पैसा लागत नाही. मिरजेच्या मास्तरांपाशी होती ती चिकाटी मात्र लागते.