बॅटमॅनची जन्मकथा आणि तिचा भाडोत्री कथेकरी

जून २००५ मध्ये ‘बॅटमॅन बिगिन्स’ हा चित्रपट जगभर झळकला, तेव्हा पुस्तकांच्या दुकानांत याच नावाची एक कादंबरीही येऊन पडली होती. अशा पुस्तकांकडे जाणकार वाचक सहसा ढुंकूनही पाहत नाही. चित्रपटाच्या नावाचे बाहुले, डबे, सदरे बाजारात येतात, त्याच पंगतीतले हे पुस्तक, असे गृहीत धरले जाते. लेखकाचे नाव वाचण्याचे कष्टही फारसे कोणी घेत नाही. या पुस्तकाच्या बाबतीत मात्र ते घ्यायला हवे होते. ते नाव होते डेनिस ओ’नील. चित्रपटातला खलनायक रा’स अल घुल याची निर्मिती ज्यांनी केली, नायकाच्या घडणीची कथा ज्यांनी सोळा वर्षांपूर्वी कॉमिक्समध्ये एकसंध मांडली, त्याच गृहस्थांना त्यावर बेतलेल्या चित्रपटाची पुन्हा कादंबरी करून देण्याचे काम मिळाले होते. आपल्याच कथेची दुसऱ्याने केलेली मांडणी आपणच तिसऱ्यांदा लिहायची, असा हा मामला.

या प्रकाराला इंग्रजीत ‘नॉव्हेलायझेशन’ म्हणतात. मराठीत त्याला रूढ शब्द नाही. ‘कादंबरीरूप’ म्हणता येईल. आपल्याकडे कादंबरीवरून चित्रपट निघतो, चित्रपटावरून कादंबरी क्वचितच. चित्रपटगृहाबाहेर थोडक्या पैशांत मिळणारी गाण्यांची चोपडी हीच आपली या जातीची जवळची वस्तू. तीत ‘कथासार’ असे, पण ऐन रंगात आले की ‘पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावरच पाहा’ असे सांगून ते थांबे. पाश्चात्त्य कादंबरीरूपाची रीत नेमकी उलटी आहे. ते शेवटही सांगून टाकते आणि अनेकदा चित्रपटाच्या आधीच.

मूकपटांच्या काळापासून ही पुस्तके निघत आली आहेत. ‘किंग काँग’ १९३३ मध्ये पडद्यावर आला. डेलॉस लव्हलेस यांनी पटकथेवरून लिहिलेली त्याची कादंबरी १९३२ मध्येच छापली गेली होती. ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ या १९२७ च्या मूकपटाची गोष्ट तर चमत्कारिक आहे. त्याची शेवटची ज्ञात प्रत १९६५ मध्ये एमजीएमच्या गोदामाला लागलेल्या आगीत नष्ट झाली. कादंबरीरूप मात्र टिकले. घरोघरी व्हिडिओ येईपर्यंत चित्रपट एकदा गावातून गेला की गेला. तो पुन्हा अनुभवायचा तर हे पॉकेटबुक हाच मार्ग असे, म्हणून १९७०-८० च्या दशकांत या पुस्तकांचा खप मोठा होता.

ती लिहिण्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. लेखकाला मिळते ती पटकथा, आणि तीही बहुधा अंतिम नव्हे. चित्रीकरण सुरू असते, संकलन व्हायचे असते, पार्श्वसंगीताचा पत्ता नसतो. नट तो संवाद कसा म्हणणार आहे, हेही ठाऊक नसते. हाती थोड्या आठवड्यांची मुदत असते आणि लिहिलेले सारे स्टुडिओकडून संमत करून घ्यावे लागते. म्हणूनच चित्रपटातून कापलेले प्रसंग पुस्तकात सापडतात आणि ऐनवेळी बदललेले शेवट जुन्याच स्वरूपात छापले जातात. शे-सव्वाशे पानांची पटकथा तिप्पट लांबवायची म्हणजे मधल्या जागा भरायच्या. कशाने भरायच्या, हे लेखकाच्या कुवतीवर अवलंबून असते.

सुपरहिरोच्या जन्मकथेत या मोकळ्या जागा विशेष महत्त्वाच्या ठरतात. साहसकथेत ‘काय झाले’ एवढे सांगितले तरी भागते. जन्मकथेला मात्र ‘का झाले’ याचे उत्तर द्यावे लागते: एक धनाढ्य तरुण रात्री वटवाघळाचा वेष चढवून गुंडांना का बडवतो? बॅटमॅन मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात अवतरला तेव्हा या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते त्याच वर्षी ३३ व्या अंकात, अवघ्या दोन पानांत आले. रस्त्यात एका लुटारूने आईबापांना गोळ्या घातल्या, मुलाने सूडाची शपथ घेतली, इतकेच. लुटारूला नावही नव्हते. ते १९४८ मध्ये मिळाले: जो चिल. १९५६ मध्ये नवी माहिती पुढे आली की चिल हा साधा लुटारू नव्हता, लू मॉक्सन नावाच्या गुंडाने त्याला धाडले होते. टिम बर्टन यांच्या १९८९ च्या ‘बॅटमॅन’ चित्रपटाने खून थेट जोकरच्या माथी मारला. दर पिढीतल्या लेखकाला तो खून निव्वळ अपघात म्हणून सोडवला नाही. प्रत्येकाने त्यामागे एक हात शोधला.

ओ’नील यांचा या परंपरेशी संबंध जुना. योगायोग असा की त्यांचा जन्मही मे १९३९ मधलाच. आधी वार्ताहर, मग १९६५ पासून कॉमिक्सलेखक असा त्यांचा प्रवास. १९६० च्या दशकातल्या दूरचित्रवाणी मालिकेने बॅटमॅनला विनोदी करून सोडले होते. त्याला पुन्हा रात्रीच्या अंधारात नेण्याचे श्रेय बऱ्याच अंशी ओ’नील आणि चित्रकार नील अ‍ॅडम्स या जोडीला दिले जाते. १९७१ मध्ये या दोघांनी रा’स अल घुलला जन्म दिला. ‘राक्षसाचे मस्तक’ अशा अर्थाचे ते अरबी नाव संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी सुचवले होते. आईबापांचा खून झाला त्या गल्लीला ‘क्राइम अ‍ॅली’ म्हणणारी १९७६ ची गाजलेली कथाही ओ’नील यांचीच. १९८६ ते २००० या काळात तर ते बॅटमॅनच्या साऱ्या नियतकालिकांचे संपादक होते.

१९८९ मध्ये त्यांनी ‘द मॅन हू फॉल्स’ ही छोटी चित्रकथा लिहिली. चित्रे डिक जिओर्दानो यांची. विखुरलेले धागे एकत्र करून ब्रूस वेनची शपथ आणि बॅटमॅनचा वेष यांमधली रिकामी वर्षे त्यांनी तीत भरली. लहानपणी विवरात पडणे, वटवाघळांचा थवा, बापाने वर काढणे; मग जगभर भटकंती, कोरियातल्या डोंगरात गुरूच्या हाताखाली शिक्षण, हेन्री ड्युकार्ड नावाच्या निर्दय माणूसशिकाऱ्याची गाठ. हा ड्युकार्डही ओ’नील यांचा नव्हे. १९८९ च्या चित्रपटाचे एक पटकथाकार सॅम हॅम यांनी त्याच वर्षी कॉमिक्ससाठी लिहिलेल्या कथेतला तो. म्हणजे ओ’नील यांनी उसना घेतलेला धागा मुळात एका चित्रपटलेखकाचाच होता. ख्रिस्तोफर नोलन आणि डेव्हिड गोयर यांच्या पटकथेत या चित्रकथेचे ऋण उघड दिसते. फ्रँक मिलर यांच्या १९८७ च्या ‘इयर वन’मधूनही तिने गॉर्डन आणि फाल्कोने यांचे गॉथम उचलले आहे.

हे माहीत असलेला वाचक कादंबरी उघडतो तेव्हा त्याला दोन लेखक एकाच वेळी ऐकू येतात. पटकथेचा सांगाडा नोलन-गोयर यांचा. तो बदलण्याची मुभा ओ’नील यांना नाही. हा सांगाडा भक्कम आहे हे मान्य करायला हवे. जुन्या कॉमिक्समध्ये वेन कुटुंब ‘झोरो’चा चित्रपट पाहून परतत असे. येथे ते ऑपेराला गेले आहे. रंगमंचावरच्या आकृत्या पाहून मुलाला वटवाघळांची आठवण होते, तो घाबरतो, बाहेर चला म्हणतो आणि गल्लीत मृत्यू गाठतो. भीती आणि अपराधभाव यांची अशी गाठ पूर्वी कोणी मारली नव्हती. पुढे ड्युकार्ड हाच खरा रा’स अल घुल निघतो आणि गॉथमला उद्ध्वस्त करण्यासाठी आपल्या संघटनेने आधी आर्थिक मंदीचे शस्त्र वापरले होते, अशी कबुली देतो. त्या मंदीने नडलेला एक माणूस म्हणजे जो चिल. लुटारू पुन्हा सामान्य झाला, पण त्याच्यामागचा हात पूर्वीपेक्षा लांब झाला.

ओ’नील यांची खरी अडचण या वळणावर आहे. त्यांचा मूळ रा’स शतकानुशतके जगलेला, गूढ कुंडांत स्नान करून पुनःपुन्हा जिवंत होणारा, पृथ्वी वाचवण्यासाठी माणसे कमी केली पाहिजेत असे मानणारा. चित्रपटाने कुंडे काढून टाकली, अमरत्वाचे रूपांतर हातचलाखीत केले. आपल्याच पात्राचे असे धर्मांतर झाल्यावर त्याच्यात प्राण कसा ओतायचा? कादंबरीत अधूनमधून रा’सच्या रोजनिशीतली पाने येतात. चित्रपटात ती नाहीत आणि तशी युक्ती पडद्यावर शोभलीही नसती. वाचकाला या माणसाचा आवाज ऐकू येतो, चेहरा दिसत नाही. आणि चित्रपटाचे सारे रहस्य तर कोणता चेहरा खरा यावरच उभे आहे. जुना लेखक आपल्या पात्राला परत भेटला आहे, हे पुस्तकात जाणवते ते इथे.

बाकी पुस्तक सर्वत्र या उंचीवर नाही. मोटारींचा पाठलाग, छपरांवरून उड्या, आगगाडीतली अखेरची झुंज हे पडद्याचे प्रांत आहेत. शब्दांत ते यादीसारखे वाटू लागतात. शिवाय वाचकाला प्रेक्षकापेक्षा फुरसत फार. शहराच्या जलवाहिन्यांतले पाणी सूक्ष्मलहरींनी वाफ करणारे यंत्र जवळ उभ्या माणसांच्या अंगातले पाणी तेवढे का सोडते, हा प्रश्न चित्रपटगृहातल्या गदारोळात सुचत नाही. पुस्तक छातीवर ठेवून पडलेल्या वाचकाला तो हमखास सुचतो.

ओ’नील यांचे उदाहरण एकटे नाही, हे विशेष. ख्रिस क्लेअरमाँट यांनी १९७५ ते १९९१ अशी सोळा वर्षे ‘एक्स-मेन’ लिहिले. २००३ चा ‘एक्स-२’ त्यांच्या १९८२ च्या ग्राफिक कादंबरीवर आणि २००६ चा ‘द लास्ट स्टँड’ बऱ्याच अंशी त्यांच्या १९८० च्या ‘डार्क फिनिक्स’ कथानकावर बेतलेला; दोहोंची कादंबरीरूपे क्लेअरमाँट यांनीच लिहिली. पीटर डेव्हिड यांनी १९८७ पासून ११ वर्षांहून अधिक काळ ‘हल्क’ सांभाळला आणि ब्रूस बॅनरच्या क्रूर बापाचा धागा विस्ताराने हाताळला. अँग ली यांचा २००३ चा ‘हल्क’ त्या बापाभोवतीच फिरतो आणि त्याची कादंबरी डेव्हिड यांची. २००२ च्या ‘स्पायडर-मॅन’चेही कादंबरीरूप त्यांचेच.

यात प्रकाशकांची सोय होती आणि लेखकांची थोडी कमाई. कॉमिक्सच्या धंद्यात कथा लिहून दिली की ती कंपनीची होते. पुढे त्यावर कोट्यवधींचा चित्रपट निघाला तरी मूळ लेखकाला काय मिळेल, हे करार आणि कंपनीची मर्जी ठरवते. कादंबरीरूपाचे कामही असेच, ठरावीक मोबदल्याचे. स्वामित्वहक्क स्टुडिओचा किंवा कंपनीचा. स्वामित्वधन ठरलेले असले तरी ते हाती पडेलच असे नाही. ‘स्टार वॉर्स’ची १९७६ मधली कादंबरी जॉर्ज लुकास यांच्या नावाने निघाली, पण लिहिली होती अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनी. या आणि ‘एलियन’च्या पुस्तकांचे स्वामित्वधन डिस्नेने थांबवल्याची जाहीर तक्रार त्यांना २०२० मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी करावी लागली. पुढल्या वर्षी त्यांचे प्रकरण मिटले.

बॅटमॅनपुरते बोलायचे तर उपेक्षेची सुरुवात पहिल्याच अंकापासून झाली. २७ व्या अंकातली ती पहिली कथा बिल फिंगर यांनी लिहिली होती आणि बॅटमॅनच्या वेषापासून स्वभावापर्यंत पुष्कळसे त्यांनी घडवले होते. श्रेय मात्र करारान्वये एकट्या बॉब केन यांचे. फिंगर १९७४ मध्ये वारले. ‘बॅटमॅन बिगिन्स’च्या श्रेयनामावलीत निर्माता म्हणून केन यांचेच नाव आहे. फिंगर यांचे नाव केन यांच्याजोडीने देण्याचे कंपनीने मान्य केले ते २०१५ मध्ये.

पुढच्या काळात प्रौढ वाचकांसाठीची अशी पुस्तके रोडावली. चित्रपट घरबसल्या हवा तेव्हा पाहता येऊ लागला. जी निघाली त्यांत मोकळ्या जागा भरण्याचे जुने काम मात्र चालूच राहिले. याच त्रिधारेतला तिसरा चित्रपट ‘द डार्क नाइट राइझेस’ २०१२ मध्ये आला. जोकर साकारणारे हीथ लेजर २००८ च्या जानेवारीत वारले होते, म्हणून त्यात जोकरचा उल्लेखही नाही. ग्रेग कॉक्स यांच्या कादंबरीरूपात तो आहे. जोकर म्हणे आर्कम वेड्यांच्या इस्पितळात एकटाच उरलेला कैदी आहे, किंवा निसटलाही असेल, अशी अफवा लेखकाने दोन-तीन वाक्यांत पेरून ठेवली आहे.

ओ’नील यांनी २००८ मध्ये ‘द डार्क नाइट’चीही कादंबरी लिहिली. ११ जून २०२० रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘बॅटमॅन बिगिन्स’च्या दोन तबकड्यांच्या डीव्हीडी संचासोबत एक छोटी कॉमिक्स पुस्तिका दिली जात असे. तीत २७ व्या अंकातली ती पहिली कथा आणि ‘द मॅन हू फॉल्स’ दोन्ही होत्या. जुन्या पुस्तकांच्या दुकानात कादंबरी आणि ती पुस्तिका हाती लागली, तर वाचण्याचा क्रम १९३९, १९८९ आणि मग २००५ असा ठेवावा.