ग्रंथोपचार

मनःस्वास्थ्यासाठी निवडक पुस्तकांचा हेतुपूर्वक केलेला उपयोग. सॅम्युएल क्रोदर्स यांच्या १९१६ मधील लेखामुळे ही संकल्पना रूढ झाली. इंग्लंडमध्ये २०१३ पासून डॉक्टरांनी सुचवलेली पुस्तके सार्वजनिक ग्रंथालयांतून मिळतात.

कथा-कादंबरीत वाचकाला आपले दुःख दुसऱ्याच्या आयुष्यात दिसते आणि एकटेपणा थोडा सैलावतो. स्वयंसाहाय्य पुस्तकांची रीत वेगळी. त्यांत वाचण्याइतकेच लिहिणेही असते. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत वाचक घटना, तिच्याबद्दलचा विचार आणि उमटलेली भावना वेगवेगळी मांडतो. मुलाखतीत नापास होणे ही घटना. ‘मी कुचकामी आहे’ हा विचार. तो खरा आहे का, हे स्वतःलाच विचारून पाहायचे. ही पद्धत मराठीत रुजवण्याचे मोठे श्रेय कि. मो. फडके यांना जाते. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी तर तोच विचार गोष्टीतून पोचवते, आणि नवख्या वाचकाने तिथूनच सुरुवात करावी.

शिंदेशाहीपासून मराठी वस्ती असलेल्या उज्जैनमध्ये राहणाऱ्या वाचकालाही ही पुस्तके मातृभाषेत वाचता येतात. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांसाठी हे फार मोलाचे आहे.

सौम्य नैराश्य व चिंतेत ग्रंथोपचार उपयोगी पडतो. तीव्र नैराश्यात मात्र चार ओळी वाचण्याइतकेही लक्ष टिकत नाही. अशा वेळी पुस्तक पुढे करणे चुकीचे ठरते. आत्महत्येचे विचार येत असल्यास तातडीने मानसोपचारतज्ज्ञ गाठावा किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे.