धाग्याला विटाळ नाही

मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं होती, पण सगळ्या खात्यांत नव्हती. त्रासनात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, होती. साचेखात्यात, जिथं कापड विणलं जाई आणि पगार बरा मिळे, तिथं बंदी. कारण काय? कांडी संपली की विणकर नवी घाली आणि धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढी. महाराच्या तोंडचा धोटा आपल्या तोंडात कसा घ्यायचा? पण सूत तर त्रासनात महाराच्या हातून निघालेलं. ते तोंडात चालायचं! विटाळ फक्त जादा पगाराच्या जागी.

नाना जातींची माणसं एका कामावर घातली की भांडणं होतात, काम बिघडतं, असं म्हणतात. अहो, इथं एकत्र घातलंच कुठं होतं? भांडण वेगळं ठेवण्यातच मुरलेलं. १९२८ च्या संपात ते उघडं पडलं. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर. कातणारे आत गेले की संप मोडलाच. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, सगळी खाती अस्पृश्यांना खुली करा ही मागणी घाला, नाहीतर आमच्या लोकांना संपात येऊ नका म्हणून सांगीन. पुढाऱ्यांनी कुरकुरत घातली. मालक म्हणाले, हा अन्याय आमचा नव्हे. थोडं खरंच होतं ते. दार अडवून सवर्ण विणकर उभे होते. पण मालकानं तरी ते कधी उघडलं?

पुढं ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटेवाले एकत्र उतरले, एक दिवसाचा संप झाला. साचेखात्याचा प्रश्न तेव्हाही मिटला नव्हता.