‘कळलावी’ : एक नाव, दोन अर्थ

शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील डोंगरउतारांवर व झुडपांत पावसाळ्यात एक वेल फुलते. पानांच्या टोकांना असलेल्या ताणांनी ती आधार धरून चढते. तिच्या फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या असून त्यांचा रंग प्रथम पिवळा व पुढे केशरी-तांबडा होत जातो. हीच ‘कळलावी’. कलह माजविणाऱ्या स्त्रीलाही मराठीत ‘कळलावी’ म्हणतात. पुरुष असल्यास ‘कळलाव्या’. वेलीला व माणसाला एकच नाव का मिळाले, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

मराठीत ‘कळ’ हा शब्द एकच नाही. संस्कृत ‘कलि’पासून आलेली ‘कळ’ म्हणजे भांडण. ‘कळीचा नारद’ यातील ‘कळी’ हे तिचेच सामान्यरूप होय. दुसरी ‘कळ’ वेदनेची. बाळंतपणाच्या ‘कळा’ त्या याच. वेलीचा कंद प्रसूती लवकर व्हावी म्हणून वापरीत असत. तेव्हा वेल वेदनेची कळ लावते आणि माणूस भांडणाची, असा निवाडा सहज सुचतो.

परंतु हे फूल घरात आणल्यास भांडण जुंपते, असाही लोकसमज आहे. तो केवळ मराठी उच्चारसाम्यातून उपजला असे म्हणावे, तर संस्कृत निघंटूंची साक्ष आड येते. ‘राजनिघंटू’त या वेलीला ‘कलिकारी’ व ‘गर्भपातिनी’ अशी दोन्ही नावे आहेत. पैकी पहिल्याचा अर्थच ‘कलह करणारी’ असा होतो. ‘भावप्रकाशा’त तिला ‘कलिहारी’ म्हटले आहे, आणि त्याचा शब्दशः अर्थ लावू गेल्यास तो नेमका उलट, ‘कलह हरण करणारी’ असा निघतो! म्हणजे नावाचा अर्थ लावण्याचा उद्योग केवळ खेड्यातल्या माणसाने केलेला नाही. पंडितांचाही त्यात वाटा आहे.

याच फुलांना ठाणे-रायगडाकडे ‘गौरीचे हात’ म्हणतात, व भाद्रपदात गौरीसाठी ती आवर्जून घरी आणतात. एका नावाने निषिद्ध ठरलेले फूल दुसऱ्या नावाने पूज्य होते.

कोशकाराने यांपैकी एकच अर्थ खरा मानून दुसरा गाळणे योग्य नव्हे. या वेलीत, विशेषतः तिच्या कंदात, कोल्चिसीन हे तीव्र विष असते; त्याने माणूस दगावतो. ‘कळलावी’ म्हणजे भांडण लावणारी एवढेच नोंदविले, तर नावाने जपून ठेवलेली वेदनेची आठवण, आणि तिच्यातील इशाराही, पुसला जाईल.