पवित्र पाणी, २५ नाणी

पवित्र पाण्याची एक कुपी: २५ सोन्याची नाणी. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये पहिल्यांदा छापला गेला, तेव्हाच्या सामानाच्या यादीत हा भाव आहे. २०२४ च्या नियमपुस्तकातही तोच. पन्नास वर्षांत या पाण्याला महागाईचं वारंसुद्धा लागलेलं नाही.

ज्यांनी हा खेळ फक्त ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मध्ये पाहिलाय त्यांच्यासाठी: टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात आणि जमलं की फसलं हे फासे ठरवतात. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला गोष्टीपेक्षा नियमांचा नाद जास्त. नियमांना मोघम राहता येत नाही. कथेत ‘मंत्र म्हटला आणि राक्षस पळाला’ एवढ्यावर भागतं. नियमात मात्र लिहावं लागतं की वस्तू कोणाच्या हातात होती, किती अंतरावरून वापरली, किती वेळा चालते. म्हणजे पावित्र्य नेमकं असतं कुठे, वस्तूत की ती धरणाऱ्या माणसात, याचं उत्तर द्यावंच लागतं.

याची सुरुवात एका व्हॅम्पायरपासून झाली. डेव्ह अर्नेसन अमेरिकेतल्या मिनेसोटात आपल्या मित्रांना ‘ब्लॅकमूर’ नावाचा खेळ खेळवायचा, डीअँडडी छापलं जाण्याच्या आधीपासून. त्यात सर फँग नावाचं एक पात्र व्हॅम्पायर झालं आणि कोणालाच आवरेना. त्यावर उतारा म्हणून एक धर्मगुरू आणला गेला. तो माइक कार खेळायचा, आणि त्यातूनच पुढे ‘क्लेरिक’ हा पात्रांचा वर्ग तयार झाला. डोळ्यांसमोर होते हॅमर कंपनीचे भयपट. त्यांच्या १९५८ च्या ‘ड्रॅक्युला’त शेवटी पीटर कुशिंग टेबलावरचे दोन शमादान उचलतो, एकावर एक आडवे धरून क्रूस करतो आणि ड्रॅक्युला मागे हटतो. ना चर्चचा आशीर्वाद, ना पाद्री. नुसता आकार पुरला.

१९७४ चे नियम याच वळणाचे आहेत. लाकडी क्रूस २ नाणी, चांदीचा २५. ठामपणे पुढे धरला की व्हॅम्पायर मागे सरतो. धरणारा कोण आहे, त्याचा विश्वास आहे का, हे कोणी विचारत नाही.

१९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये क्रूस यादीतून गेला आणि त्याच्या जागी आलं ‘पवित्र चिन्ह’. ते लाकडी, लोखंडी किंवा चांदीचं मिळतं, देव तुम्ही निवडा. अनेक देवांच्या जगात हे रास्तच. पण दोन वर्षांनी, १९८० मध्ये, ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ आलं आणि त्यात इंद्र, अग्नी, विष्णू, काली यांना हिट पॉइंट्स दिलेले होते. हिट पॉइंट्स म्हणजे किती मार बसला की समोरचा संपतो तो आकडा. त्याच पुस्तकात झ्यूस आणि ओडिनला ४०० आहेत. ख्रिस्ती देवाला एकही नाही, कारण तो पुस्तकातच नाही. झ्यूसच्या वतीने तक्रार करायला तेव्हा फारसं कोणी उरलेलं नव्हतं. विष्णूसाठी मात्र लाखो माणसं दर आषाढीला पंढरपूरला चालत जात होती. मला यात कट दिसत नाही. लेखकांना ज्या कपाटावर ‘मिथॉलॉजी’ लिहिलेलं दिसलं त्यातलं सगळं त्यांनी घेतलं असावं, आणि कपाट काही त्यांनी लावलेलं नव्हतं. २००२ च्या त्याच नावाच्या पुस्तकात ग्रीक, नॉर्स आणि इजिप्शियन देव राहिले, भारतीय गेले. ज्यूंच्या प्रार्थनेच्या पेटीचं इंग्रजी नाव ‘फिलॅक्टरी’. ते १९७७ पासून ‘लिच’ नावाच्या मेलेल्या मांत्रिकाला चिकटलेलं होतं. २०२५ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याचं ‘स्पिरिट जार’ झालं.

आता माझी आवडती वस्तू, ‘होली अव्हेंजर’ तलवार. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’नुसार ती पॅलाडिनच्या, म्हणजे व्रतस्थ योद्ध्याच्या हातात +५ आहे, शिवाय शत्रूची जादू मोडते. इतर कोणाच्याही हातात फक्त +२. इथे वस्तूच माणूस तपासते. आणि माणसालाही सूट नाही: पॅलाडिन बेशिस्त वागला, तर किमान सातव्या लेव्हलच्या क्लेरिकपुढे कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यायचं. जाणूनबुजून दुष्टपणा केला, तर पॅलाडिनपण कायमचं गेलं.

हा वाद खेळापेक्षा कितीतरी जुना आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतले डोनाटिस्ट ख्रिस्ती म्हणत होते की छळाच्या काळात ज्या पाद्र्यांनी धर्मग्रंथ रोमन अधिकाऱ्यांच्या हवाली केले, त्यांनी केलेले संस्कार फोल. ऑगस्टीन म्हणाला, संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणारा कसाही असो. चर्चने ऑगस्टीनचं ऐकलं. डीअँडडीने दोघांचं ऐकलं: तलवार डोनाटिस्ट आहे आणि पवित्र पाणी ऑगस्टीनचं. २०१४ च्या नियमांत पाणी बनवायला क्लेरिक किंवा पॅलाडिन लागतो, एक तास लागतो आणि २५ नाण्यांची चांदीची पूड. पण फेकायला कोणीही चालतो, चोरसुद्धा. भुतावर लागलं की दोन फासे टाकून नुकसान मोजायचं.

आमच्या पुण्यातल्या ग्रुपची डंजन मास्टर इंद्राचं पान वाचून म्हणाली, “माझ्या टेबलावर हे नाही.” तिला गोष्टीत गणपतीची मूर्ती हवी होती, आणि छापील नियमांत ती बसेना. तिथे पवित्र झालेली वस्तू बहुधा मोडेपर्यंत पवित्रच राहते. पेणहून आणलेली मूर्ती प्राणप्रतिष्ठेपर्यंत शाडू असते, मग देव असते, आणि उत्तरपूजेला अक्षता वाहून किंचित हलवली की पुन्हा शाडू. गुरुजींची लेव्हल कोणी विचारत नाही, यजमानाचं चारित्र्यही नाही. म्हणजे उत्तर वस्तूत नाही आणि माणसातही नाही, ते तिथीत आहे.

मग तिने स्वतःचा नियम लिहिला. मूर्तीला हिट पॉइंट्स नाहीत, मुदत आहे. दीड दिवस, पाच की दहा, हे खेळ सुरू होण्याआधी घरातल्यांनी ठरवायचं. मुदतीआधी कोणी शत्रूने मूर्ती जागची हलवली तर देव गेला की नाही, यावर आमच्या गेल्या दोन बैठका गेल्या. माझं मत नाही, कारण उत्तरपूजा झालेली नाही. एकाचं मत आहे की फासे टाकावेत. डंजन मास्टर अजून काही बोललेली नाही.